टोचन आणि तिथी

रत्नागिरीत कुणी तुमच्या तब्येतीची चौकशी केली म्हणून हुरळून जायचं कारण नाही. निदान तुमच्या दारात पिकअप उभी असेल तर नाहीच. "काय, बरे आहात ना? आज घरीच का?" असा सकाळी सातला फोन आला की मी ओळखतो, पलीकडच्याची गाडी कुठंतरी बंद पडलीय, नाहीतर त्याला गडग्यासाठी चिरे आणायचेत. मी बरा आहे की आजारी, याने त्याचं काही अडत नाही. आजारी असलो तर तो चावी न्यायला माणूस पाठवतो.

पिकअप वीसेक वर्षांपूर्वी बाबांनी घेतली. पावसच्या बागेतले आंबे तोवर दुसऱ्याच्या टेम्पोतून जायचे आणि टेम्पोवाला उगवेपर्यंत निम्मे अढी न लावताच पिकायचे. गाडी महिंद्राची. इंजिन २५२३ सीसीचं, कागदावर ताकद साधारण ६३ घोड्यांची. त्यातले काही आता सेवानिवृत्त झाले असावेत. हल्ली भाजी आणायला नेतात त्या मोटारींतही याहून जास्त घोडे असतात, पण ते पळणारे. आमचे उरलेसुरले कमी फेऱ्यांवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरात मान खाली घालून जोर लावतात. ओढकामाला तेवढंच लागतं.

गाडीचं कूळही चांगलं आहे. कंपनी १९४५ साली निघाली ती पोलादाच्या व्यापारासाठी. महिंद्र बंधूंबरोबर तिसरे भागीदार होते गुलाम मोहम्मद. १९४७ साली मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू झाली आणि त्याच सुमारास फाळणी. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. म्हणजे आमच्या पिकअपच्या घराण्यात एक गव्हर्नर जनरल होऊन गेला. ही माहिती मी शेजारच्या तात्यांना मोठ्या अभिमानाने सांगितली. ते सुपारी कातरत म्हणाले, "तरीच. चार माणसं मागे लागल्याशिवाय हलत नाही ती."

कोकणातल्या पिकअपच्या आयुष्यात एकच मोठा प्रश्न असतो. आंबा की मासळी? आंबा मार्च ते मे. बाकीचे महिने गाडी दारात उभी ठेवली तर विमाही सुटत नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावर मात्र काम असतंच. म्हणून एका फेब्रुवारीत आम्ही बांगडा वाहिला. त्यानंतर हौदा धुतला, चुना मारला, रिठ्याच्या पाण्याने घासला, आईने तर संध्याकाळी हौद्यात धूपही फिरवला. मार्चमध्ये शेजारचे बागायतदार पेट्या घेऊन आले, हौद्याजवळ दोन पावलांवर थांबले, दीर्घ श्वास घेतला आणि पेट्या घेऊन परत गेले. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात बांगड्याचा उल्लेख नाही.

वास तरी पावसाळ्यापर्यंत जातो. मासळीच्या बर्फाचं खारट पाणी जातच नाही. ते हौद्याच्या सांध्यात मुरतं आणि तिथून काम सुरू करतं. वर समुद्रावरची हवा चोवीस तास मदतीला. गंज पत्र्यावर दिसायला लागतो तेव्हा तो आतून बाहेर आलेला असतो, बाहेरून आत निघालेला नसतो. चासी जाड, ती टिकते. आधी जातो तो पायदानाचा पत्रा, मग दारांचे तळ. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायला बारीक भोकं असतात. त्यांत पाचोळा आणि लाल माती बसली की दार म्हणजे टाकी होते. पावसाळ्याआधी एक तार घेऊन ही भोकं मोकळी करायची, एवढ्या एका कामाने दार पाच वर्षं जास्त जगतं. हे कुठल्याही गॅरेजात कुणी सांगत नाही. सांगितलं तर पत्रावाल्याची मुलं शिकणार कशी?

चासीला पावसाआधी जळकं ऑइल फासायचं हे सगळ्यांना माहीत असतं. पण मिऱ्याच्या एका खलाशाने बाबांना त्याहून भारी उपाय दिला होता. "होडीला लावतो तेच लावा की," तो म्हणाला. होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावतात. बाबांनी हौद्याच्या फळ्यांना, फाळक्याला, वर थोडं दारांच्या कडांनाही सढळ हाताने लावलं. उपाय उत्तम होता. लाकडाला कीड लागली नाही, पत्र्याचा गंज जागच्या जागी थबकला. मात्र ते तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. त्या वर्षी आमची पिकअप मागायला कुणी आलं नाही. बाबा ते वर्ष सुखाचं म्हणून आठवायचे.

आता गॅरेज. आमचे चाचा गाडीला काय होतंय हे विचारत नाहीत. लांब पेचकस घेऊन त्याचं टोक इंजिनावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. मग डोळे उघडून ते म्हणतात, "तीन नंबरचा नोझल." त्यांचं निदान चुकल्याचं मला आठवत नाही. चुकते ती फक्त तारीख. चाचांचा 'उद्या' हा एक स्वतंत्र काळ आहे. सुटा भाग कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने येणार, एसटी आंबा घाट उतरणार, पार्सल घ्यायला चाचांचा पोरगा स्टँडवर जाणार आणि पोरगा नेमका लग्नाला गेलेला असणार. अशा वेळी मी थिबा राजाची आठवण काढतो. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि त्याचा राजवाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं. राजाला चोवीस वर्षं थांबावं लागलं. मला क्लच प्लेटसाठी दोन आठवडे थांबायला लागले तर मी कोण तक्रार करणार?

घरच्या घरी करायच्या गोष्टी मात्र चाचांनीच शिकवल्या. डिझेल संपून गाडी बंद पडली की नुसतं डिझेल ओतून ती सुरू होत नाही, कारण नळीत हवा शिरलेली असते. फिल्टरवरचा बोल्ट थोडा सैल करायचा आणि हाताने पंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. धार आली की बोल्ट आवळायचा. हे काम रस्त्याच्या कडेला चालू असताना येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबतो आणि "हवा धरली वाटतं" असं सांगतो. मी "होय" म्हणतो. याहून वेगळं काही बोलावंसं वाटतं, पण यातलाच एखादा पुढे ढकलायला लागणार असतो.

ढकलायची वेळ तशी रत्नागिरीत कमीच येते. इथे सपाट जागा दोनच. एक वरचा सडा आणि दुसरी भाट्याची पुळण. बाकी सगळा उतार. सेल्फ गेला तर गाडी उतारावर तोंड करून लावायची, चाकाला चिऱ्याचा तुकडा टेकवायचा. सकाळी तुकडा काढायचा, दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून सोडून द्यायची आणि वेग आला की क्लच सोडायचा. एका अख्ख्या पावसाळ्यात आम्ही सेल्फशिवाय गाडी चालवली. फक्त पाहुणे म्हणून कुणाकडे जायचं तर आधी फोन करून विचारावं लागे, "तुमच्याकडे उतार आहे ना?"

मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. त्या दिवशी सगळे दिवे लागतात, वायपर फिरतो आणि हॉर्न वाजतो. गणपतीची मूर्ती आणायच्या दिवशी गाडी धुतली जाते. वर्षातले हे दोन दिवस सोडले तर दिवे, वायपर, हॉर्न आणि स्वच्छता हे चारही एकत्र आलेले मी पाहिलेले नाहीत.

पण गावात या गाडीचा मान आहे तो तिच्या मागच्या हुकामुळे. बाबांनी एका लोहाराकडून चासीला पक्का बसवून घेतलेला हा हुक गंजत नाही, कारण तो रिकामा राहतच नाही. बंद पडलेल्या रिक्षा, लग्नाचा बँड घेऊन निघालेला टेम्पो, मे महिन्याच्या शेवटी मासेमारीची बंदी लागायच्या आत वर ओढायच्या लहान होड्या, सगळ्यांनी या हुकाला कधी ना कधी हात जोडलेत. होडी ओढायला सगळ्यांत सोपी. खाली ओंडके टाकायचे, वंगण लावायचं, ती निमूट येते. होडीत मालक बसून "जरा हळू, जरा डावीकडे" असं ओरडत नाही. मोटारीत बसतो.

टोचन म्हणजे दोर बांधला आणि निघालो, असं लोकांना वाटतं. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत हे सगळं नीट लिहिलं होतं. बंद गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायची, दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको, ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन असलेला माणूस हवा आणि मागे पांढऱ्या पाटीवर 'ऑन टो' अशी तीन इंचांची काळी अक्षरं. वेगाची अट आम्ही कधीच मोडलेली नाही. ती मोडायची इच्छा असती तरी चढावर शक्य नव्हतं. पाटीही आहे. बायकोने हळदीकुंकवाच्या फळ्याच्या मागच्या बाजूला रंगवून दिली. एकदा फळा उलटा लागला आणि हातखंब्यापर्यंत आमच्यामागची मोटार हळदीकुंकवाचं अगत्याचं आमंत्रण देत गेली.

ओढल्या जाण्याचा अनुभवही घेतलाय. आंबा घाटात क्लच गेला आणि साखरप्याच्या एका ट्रॅक्टरने आम्हाला उतरवलं. मागच्या गाडीत बसणाऱ्याचं काम अवघड असतं हे तेव्हा कळलं. इंजिन बंद असल्याने ब्रेकला नेहमीची मदत मिळत नाही, पाय दगडावर ठेवल्यासारखा वाटतो. आणि उतारावर खरा ब्रेक मागच्यानेच मारत राहायचा असतो, म्हणजे दोर ताठ राहतो आणि आपण पुढच्यावर जाऊन आदळत नाही. बायको शेजारी बसली होती. तिने पहिल्या वळणावर डोळे मिटले ते साखरप्यात उघडले आणि म्हणाली, "अहो, तो ट्रॅक्टरवाला काय शांत चालवत होता! तुम्ही का नाही तसं चालवत?"

आता वाळू. शनिवार-रविवारी भाट्याच्या किंवा आरे-वाऱ्याच्या पुळणीवर एक तरी गाडी रुतलेली असतेच. मुंबई, पुणे, कोल्हापूर असा भेद वाळू करत नाही. ओली वाळू डांबरासारखी घट्ट दिसते, माणूस गाडी घालतो, पाण्याच्या कडेने एक फेरी होते, व्हिडिओ होतो, मग फोटोसाठी गाडी थांबते आणि थांबली की तिथंच राहते. मग तो मालक जोरात अॅक्सिलेटर दाबतो. चाक फिरतं, वाळू उडते, गाडी आणखी वीतभर खाली. चौथ्या दाबाला ती पोटावर बसते आणि मग सुरूच्या बनाकडून कुणीतरी मला माझी तब्येत विचारतो.

असाच एक मालक पाण्याकडे पाठ करून उभा होता. गाडी पंचवीस-तीस लाखांची.

"पण ही फोर बाय फोर आहे," तो मला म्हणाला.

तात्या माझ्याबरोबर आले होते. ते अशा वेळी बोलावल्याशिवाय येतात. त्यांनी वाकून चारही चाकं पाहिली. "खरंच आहे," ते म्हणाले, "चारही एकदम रुतलीत."

मग तात्यांनी त्याला तिथी विचारली. त्याने फोन काढला. "राहू दे," तात्या म्हणाले, "आज द्वितीया. दोनाचे पाऊणपट दीड. दीड वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेचं उधाण अजून उतरलेलं नाही. आता वाजलेत अकरा." किनाऱ्यावरच्या माणसाला हे गणित पाटीवर शिकायला लागत नाही. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या. मालकाने पहिल्यांदाच मागे वळून समुद्राकडे पाहिलं.

हुक कुठाय म्हणून विचारलं तर तो बंपरकडे बोट दाखवायला लागला. हल्लीच्या गाड्यांचा बंपर प्लास्टिकचा, त्याला दोर बांधला तर बंपर रत्नागिरीत येतो आणि गाडी पुळणीवर राहते. खरा हुक सामानाच्या पिशवीत, जॅकच्या शेजारी असतो. बंपरवरचं एक छोटं झाकण काढून तो आटे फिरवून बसवायचा. मालकाला ते झाकण माहीत नव्हतं. गाडीची पुस्तिका अजून प्लास्टिकच्या वेष्टनात होती. ती उघडायचा मान तात्यांना मिळाला.

पिकअप मी पुळणीच्या वरच्या, घट्ट भागात लावली. तिच्या चाकांतली हवा निम्म्यावर आणली, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर जास्त जागा धरतो. रुतलेल्या चाकांपुढची वाळू उपसून खाली झावळ्या घातल्या. दोरावर मधोमध भिजलेलं गोणपाट टाकलं. दोर तुटला तर तो सापासारखा उलटा येतो आणि माणूस मारतो, ओलं गोणपाट त्याला जमिनीवर पाडतं. मग बघ्यांना बाजूला काढलं आणि पहिला गिअर टाकून हलक्याने दोर ताणला. झटका मारायचा नाही, झटक्याने हुक निघतो नाहीतर दोर.

झालं काय, की आमचीच मागची चाकं फिरायला लागली. रिकाम्या पिकअपचं सगळं वजन पुढे असतं. मागे भार नसला की ती चाकं वाळूवर नुसती नाचतात. एरवी चार-पाच डझन चिरे टाकतो, पण चिरे घरी. तेव्हा तात्या हौद्यावर चढले आणि गर्दीला उद्देशून त्यांनी माणसं मागितली. वर कोण येणार हे तेच बोटाने दाखवत होते, निकष एकच होता. शहाळीवाला, भेळवाला, मालकाचे सासरे, इचलकरंजीच्या सहलीतले दोन गुरुजी. निवडले गेले ते विचारात पडले आणि वगळले गेले ते पोट आत ओढून समाधानाने उभे राहिले. हौदा खाली बसला, पाटे करकरले, चाकांनी वाळू धरली. ६३ पैकी हजर असलेले घोडे एकदम रेटायला लागले. काळ्या धुराचा एक लोट सुरूच्या बनात शिरला आणि ती पंचवीस लाखांची गाडी सुस्कारा टाकून वर आली.

"किती द्यायचे?" मालकाने विचारलं.

"राहू दे हो," मी म्हणालो. रत्नागिरीत 'राहू दे' दोन प्रकारे म्हणता येतं. मी दुसऱ्या प्रकारे म्हणालो. पण तो पहिल्या प्रकारे ऐकून मोकळा झाला. जाताना त्याने गाडीचा समुद्रासकट फोटो काढला. त्यात पिकअप नव्हती, दोरही नव्हता.

या हुकाला न झेपलेली एकच गोष्ट मला ठाऊक आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि 'बसरा स्टार' नावाचं जहाज भरकटत मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागलं. खलाशी सुखरूप उतरले, जहाज मात्र पुढे कित्येक महिने, मग वर्षं, बंधाऱ्याशी टेकून होतं. लोक वडापाव बांधून बघायला यायचे. आम्हीही गेलो. तात्यांनी जहाजाची लांबी डोळ्यांनी मोजली, मग माझ्याकडे पाहिलं, मग पिकअपकडे. "तिथी बघून एकदा लावून बघायला काय हरकत आहे?" ते म्हणाले. ते चेष्टा करतायत की नाही हे मला आजवर कळलेलं नाही.

पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. तेव्हा मात्र कुणी कुणाची तब्येत विचारली नाही. इकडून पाण्याच्या बाटल्या, तांदूळ, चटया भरून पिकअप निघाल्या आणि तिकडे दिवसभर गाड्या ओढत राहिल्या. बुडालेली गाडी सुरू करून बघायची नसते. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, आतले दांडे वाकतात आणि पंधरा हजारांचं काम लाखावर जातं. त्यामुळे जी दिसेल ती टोचन करूनच न्यायला लागत होती. त्या दिवसांत पाट्या, पाच मीटर, २४ किलोमीटर याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आमच्या पिकअपचा एक पाटा तिथं तुटला. चाचांनी तो बदलून दिला आणि पैसे विचारले तेव्हा "राहू दे" म्हणाले. पहिल्या प्रकारे.

आता ही गाडी विका असं मुलगा म्हणतो. भंगारवाला अधूनमधून येऊन तिच्याभोवती फेरी मारतो आणि किलोचा भाव सांगतो. मी विकणार नाही. नव्या गाडीला हप्ते असतात, हप्त्याच्या गाडीने कुणी लोकांच्या गाड्या वाळूतून ओढत नाही आणि तात्यांना हौद्यावर चढवून घेत नाही.

तुम्ही यंदा रत्नागिरीला येणार असाल तर पुळणीवर गाडी घालू नका, चालत जा, पाय रुतत नाहीत. घालायचीच असेल तर निघण्याआधी कॅलेंडरात तिथी बघून तिची पाऊणपट करा, हुक गाडीत कुठं आहे ते घरच्या अंगणातच शोधून ठेवा आणि दोर तुमचा तुम्ही आणा, जाड आणा. एवढं करून रुतायचंच झालं तर एप्रिल-मे सोडून रुता. त्या दोन महिन्यांत हौद्यात आंबे असतात, गाडी मिळणार नाही.